ओटा कुणाच्या उंचीचा?

आजची गोष्ट सुरू होते ती आमच्यातल्याच एकीच्या भिशीपासून. गेल्या महिन्यात तिला भिशी लागली. चाळीस हजार रुपये. मुलाची फी, बी-बियाणं, दवाखाना हे सगळं आधीच भागलेलं होतं, त्यामुळं हे पैसे खरोखर तिचे होते. तिनं ठरवलं, यंदा स्वयंपाकघर नीट करायचं. ते बांधलंय १९८८ साली, तिच्या सासऱ्यांनी. कडाप्पाचा ओटा, त्याचा एक कोपरा फुटलेला. मोरीचं पाणी भिंतीत मुरतंय. आणि वर हातभर झरोका, त्यालाही कुणीतरी चिमण्या येतात म्हणून पत्रा ठोकलेला.

गवंडी आला. भिंतीकडं बघून म्हणाला, "वैनी, पार छतापर्यंत फरशी मारू, चकाचक दिसेल." नवरा म्हणाला, वर ग्रॅनाइट टाकू. जाऊबाई म्हणाल्या, ट्रॉल्या करून घे, भांडी दिसत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं चाललंय ते मोडू नका." आता ही आमची मैत्रीण काय म्हणाली? ती आम्हाला म्हणाली, "मी रोज पाटावर उभी राहून भाकरी थापते गं. ओटा माझ्या बरगडीला लागतो."

आम्ही सगळ्याजणी हसलो, आणि मग गप्प बसलो. कारण आमच्यातल्या दोघी तशाच पाटावर उभ्या राहतात, आणि एक उंच आहे ती दिवसभर वाकून काम करते. मग प्रश्न असा पडला की ओट्याची उंची ठरवली कुणी? ते शोधायला गेलो आणि आजचा हा कार्यक्रम तयार झाला.

आधी 'ओटा' हा शब्दच बघा. ओटा हा मूळचा घराच्या पुढचा. दाराबाहेर दगडमातीचा उंचवटा, त्यावर गडीमाणसं बसणार, पान खाणार, गावच्या गोष्टी करणार. बाईनं त्यावर बसायचं नाही, निदान पुरुष असताना तरी नाही. असा हा शब्द घराच्या तोंडावरून पार मागच्या खोलीत कधी गेला? आजीच्या आजीला स्वयंपाकघरात ओटा माहीत नव्हता. तिचं सगळं काम जमिनीवर होतं. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा, परात, पोळपाट, जेवायला बसणारेही जमिनीवर. एक गुडघा वर, एक मुडपलेला, अशी बाई तास-दोन तास बसायची.

त्या स्वयंपाकघराची आपण उगीच आरती करायला नको. ते अंधारं असायचं. कुणाची नजर पडू नये, सोवळं मोडू नये, कुणाचा स्पर्श होऊ नये, म्हणून ते मुद्दाम आत, आडोशाला असे. कुणी आत यायचं आणि कुणी उंबऱ्याबाहेर थांबायचं हे जातीवरून ठरे. घरातलीच केस काढलेली विधवा पहाटेपासून तिथं राबत असे आणि जेवायला सगळ्यांत शेवटी. एका खणाच्या घरात तर स्वयंपाकघर असं वेगळं नसेच. उन्हाळ्यात चूल दारापुढं, पावसाळ्यात आत, आणि मग धूर सगळ्या घरात. त्या धुराचा उपयोगही होता, नाही असं नाही. आढ्याला बांधलेली बियाण्याची कणसं किडत नसत, छपराच्या लाकडाला वाळवी लागत नसे. धुरानं बियाणं राखलं हे खरं, पण त्याच धुरानं बाईचे डोळे गेले आणि छाती भरली. चुलीच्या धुरानं दमा आणि मोतीबिंदू होतो, हे आज दवाखान्यातला कुणीही डॉक्टर सांगेल.

पण त्या जुन्या घरात एक गोष्ट होती, जिच्याकडं आमचं लक्ष उशिरा गेलं. चूल बाई स्वतः घालायची. माती आणायची, त्यात भुसा किंवा लीद मळायची, आणि आपल्या तव्याच्या, आपल्या भगुल्याच्या मापानं चुलीचं तोंड ठेवायची. शेजारी वैल, त्यावर आमटी रटरटत राहील एवढीच आच. सणाच्या आधी सारवण, पोतेरं, गेरूचा पट्टा. मोडली तर पुन्हा घालायची. पैसा लागत नसे, आणि विचारावंही कुणाला लागत नसे. म्हणजे मातीचं स्वयंपाकघर होतं तोवर त्याची गवंडी बाईच होती. विटा आणि सिमेंट आलं, तेव्हा घर पक्कं झालं, बाईची कटकट कमी झाली, पण मापाची दोरी तिच्या हातून गेली. ती गेली कशी, तेच आज सांगायचं आहे.

त्यासाठी मुंबईला जावं लागेल. आपल्या साताऱ्या-कोकणातली, घाटावरची माणसं गिरणीत गेली आणि त्यांच्यामागं बायकाही गेल्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारनं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं बीडीडी चाळी बांधल्या. एक खोली, एकशे साठ चौरस फूट. तेवढ्यात झोपायचं, न्हायचं, बाळंतपण करायचं आणि वर गावाकडून आलेल्या दोन-चार गाळेकऱ्यांना जेवूही घालायचं. तिथं लाकडाची चूल कशी चालणार? कोळशाची शेगडी आली, भुशाची शेगडी आली आणि मग आला स्टो. पंपाचा तो पितळी स्टो स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या माणसानं १८९२ साली बनवला, 'प्रायमस' या नावानं. वात नाही, काजळी नाही. पंप मारला की निळी ज्योत. जिच्या कोपऱ्यात स्टो आला तिचं स्वयंपाकघर त्या दिवशी नवं झालं असं समजा. बाकी काही बदललं नाही तरी भांड्यांची बूडं काळी होईनाशी झाली.

आणि त्याच स्टोची दुसरी आठवण आमच्या वयाच्या सगळ्यांना आहे. 'स्टोचा भडका उडाला.' वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळी, विवाहितेचा मृत्यू. काही खरेच अपघात होते. नायलॉनची साडी, जमिनीवरचा स्टो, अडकलेली पिन. पण एवढे भडके सुनांच्याच वाट्याला का येतात, सासूच्या का नाही, हे बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर उतरून विचारलं, तेव्हा कुठं १९८३ साली दंडविधानात ४९८-अ कलम आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. स्वयंपाकघराचा इतिहास सांगायचा आणि हे गाळायचं, तर तो इतिहास खोटा.

आता ओट्याकडं येऊ. उभं राहून स्वयंपाक करायची खोली मापून-मोजून बांधायचं गाजलेलं काम झालं ते जर्मनीत, फ्रँकफर्ट शहरात. पहिल्या महायुद्धानंतर तिथं घरांची मोठी टंचाई होती. नगरपालिकेनं कामगारांसाठी वसाहती बांधायला घेतल्या आणि १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्झ्की या स्त्री वास्तुविशारदानं त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखलं. सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातल्या छोट्या स्वयंपाकघरात इतक्या माणसांचं जेवण कसं होतं, ते तिनं बघितलं. बाई किती पावलं चालते, कशाला हात लांबवते, याचा हिशेब केला. खिडकीखाली कामाचा ओटा, बसायला फिरतं स्टूल, डाळ-पिठाचे ओढायचे डबे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. स्वस्त पडली, कारण एकाच मापाची हजारोंनी केली आणि खर्च घरभाड्यात बसवला. गंमत अशी की या बाईंनी पुढं स्वतःच सांगितलं, हे काम करीपर्यंत त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता! तरी त्यांच्या मोजमापाला आम्ही नावं ठेवणार नाही. बाईचे श्रम मोजण्याजोगे आहेत, एवढं तरी त्यांनी मानलं. मात्र त्या खोलीत एकच बाई मावायची. आपल्या जमिनीवरच्या स्वयंपाकघरात तिघी बसायच्या, एक निवडायची, एक थापायची, एक भाजायची, आणि तोंडं चालू असायची. उभ्या स्वयंपाकघरानं गुडघे वाचवले आणि बाईला एकटं केलं, असं आम्हाला वाटतं. आमच्यात यावर एकमत नाही. एक म्हणाली, एकटं राहायला मिळतं तेच बरं.

आपल्याकडं ओटा घरोघर गेला तो पुस्तक वाचून नाही, गॅसमुळं गेला. हे आम्हाला फार उशिरा उमगलं. १९५५ च्या सुमाराला मुंबईत बर्मा-शेल कंपनीनं 'बर्शेन' नावानं टाक्या विकायला सुरुवात केली. १९६५ साली इंडियन ऑइलचा 'इंडेन' आला. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता जमिनीशी साचतो. शिवाय टाकी उभी ठेवायची आणि शेगडी तिच्याहून उंच असायला हवी, असा नियम. मग शेगडी जमिनीवर कशी ठेवणार? गॅस हवा तर ओटा हवा. मध्यमवर्गीय घरांत रातोरात ओटे बांधले गेले. भाड्याच्या खोलीत घरमालक बांधू देईना, तर लाकडी टेबलावर पत्रा ठोकून काम भागवलं. शेगडी हा शब्द मात्र आपण सोडला नाही. कोळसा गेला तरी 'गॅसची शेगडी' राहिलीच.

सगळ्यांत स्वस्त ओटा कसा करतात, ते आमच्या आयांनी बघितलेलं आहे. विटांचे दोन किंवा तीन बुटके खांब आणि वर कडाप्पाची एक अखंड लादी. हा काळा दगड आंध्रातल्या कडप्पा भागातला, म्हणून कडाप्पा. पाणी पीत नाही, तेलाचा डाग दाखवत नाही. खाली एका खणात टाकी, दुसऱ्यात पिंप. एका दिवसात ओटा तयार. गवंडी विटा रचायचा त्या त्याच्या हिशेबानं. टाकी आत बसली पाहिजे, एवढंच माप. चौदा किलोच्या टाकीची उंची, वर रेग्युलेटर, वर लादी. मैत्रिणींनो, इथं आमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ओट्याची उंची ठरली ती टाकीच्या उंचीवरून. बाईच्या नाही.

गॅस आला म्हणजे सगळ्यांना आला असंही नाही. नंबर लावून पाच-सहा, कुठं दहा वर्षं थांबणारी घरं होती. लग्नात जावयाला कनेक्शन देणं हा मोठा आहेर मानला जाई. खेड्यात तर १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदा टाकी आली, आणि पुन्हा तेच विटांचे खांब आणि वर लादी. मुंबईतलं जुनं स्वयंपाकघर साठ वर्षांनी आपल्याकडं आलं. टाकी भरायला पैसे नसले की मात्र चूल परत पेटते, हेही आपल्याला माहीत आहे. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर, चहा गॅसवर, अशी आपली वाटणी.

मध्ये चूलच सुधारायचा प्रयत्नही झाला, आणि त्याची सुरुवात आपल्या वर्ध्यातून. महात्मा गांधींच्या प्रेरणेनं १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. मगनवाडीतल्या त्या संघातून १९४७ च्या सुमाराला 'मगन चूल' आली. मातीचीच, पण बंद अंगाची, दोन-तीन भांड्यांची आणि धूर बाहेर नेणाऱ्या धुराड्याची. खर्च जवळजवळ नाही. नंतर १९८३ साली, म्हणजे ४९८-अ आलं त्याच वर्षी, केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. जवळजवळ वीस वर्षं तो चालला, तीन कोटींहून अधिक चुली बसल्या, आणि त्यातल्या पुष्कळ वर्षा-दोन वर्षांत मोडून टाकल्या.

का मोडल्या? आमच्यातल्या एकीच्या आईनं तशी चूल मोडली होती, तिनं सांगितलं तेच सांगतो. भाकरी तव्यावरून काढली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून फुगवायची असते. नव्या चुलीचं तोंड एवढं अरुंद की भाकरी आत जाईना. तव्याला भोक लहान, दुसऱ्या भोकावर आच पोचेना. धुराडं काजळीनं भरलं की साफ कोण करणार? छपरावर चढायचं म्हणजे पुरुषानं, आणि त्याला वेळ नाही. मग धूर पुन्हा घरात, पूर्वीपेक्षा जास्त. तिनं एका सकाळी पहारीनं ती चूल काढली आणि दुपारपर्यंत आपली जुनी घातली. चूल वाईट नव्हती हो. बसवायला आलेल्या माणसानं तिचा तवा मागून घेतला असता, लादीवर ठेवून माप घेतलं असतं, तर आजही चालू असती कदाचित.

याउलट बायकांनी स्वतःच्या पैशानं जे आणलं ते टिकलं. त्याचा हिशेब कुठल्या सरकारी कागदावर नाही. जुन्या साड्या, पँटी साठवून बोहारणीशी तासभर घासाघीस करायची आणि एक स्टीलचं पातेलं घ्यायचं. पितळेला दर काही महिन्यांनी कल्हई लागायची, स्टीलला नाही. म्हणजे ते पातेलं पुढं कल्हईवाल्याचे पैसे वाचवणार, हा विचार तीच करू जाणे. भिशीतून भिंतीवरची स्टीलची मांडणी. हॉकिन्स कंपनी मुंबईत १९५९ साली निघाली. कुकर आला आणि वरण, भात, बटाटे एकावर एक ठेवून एकाच ज्योतीवर शिजू लागले, रॉकेल वाचलं. मग हप्त्यानं मिक्सर. पाटा-वरवंटा मागच्या दारी गेला, आता त्याच्यावर मांजर बसतं. मोठं काम एकदम कधीच झालं नाही. दहा-पंधरा वर्षांत, एकेक वस्तू करत, आपल्या आयांनी अख्खं स्वयंपाकघर बदललं आणि घरात कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

कधी स्वयंपाकघरच रस्त्यावर न्यावं लागलं. १९७२ चा दुष्काळ, रॉकेल नाही, तेल नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन मोर्चात उतरल्या. आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या बायका त्याच एका खोलीत गिरणी कामगारांचे डबे करत आणि किराणा उधारीवर, सावकारी व्याजानं घेत. मंडळानं त्यांना बँकेची दारं उघडून दिली. तारण काहीच नव्हतं. बाईचा स्वयंपाक हेच तारण, असं बँकेला मानायला लावलं.

आता परत आपल्या मैत्रिणीकडं. आम्ही तिच्या घरी जमलो आणि चाळीस हजारांचा हिशेब मांडला. छतापर्यंतच्या फरशीत निम्मे पैसे जात होते, म्हणून आधी तिच्यावर काट मारली. ओट्यामागं दोन फूट फरशी पुरे, वर चुना. ट्रॉल्या नकोत, ओल्या भिंतीला त्या गंजतात. जुनीच मांडणी घासून लावली. मोरीचा पाइप पहिला, कारण भिंत ओली तर वरचं सगळं वाया. मग झरोका. पत्रा काढून तिथं जाळीची खिडकी आणि वर धूर ओढणारा पंखा. तिसरा ओटा. फुटलेल्या लादीचा चांगला भाग ठेवायचा, खांब उतरवायचे आणि टाकी ओट्याखालून काढून बाजूला उघड्यावर, हवेशीर कोपऱ्यात उभी करायची. टाकी खाली नाही म्हटल्यावर उंचीचं बंधनच गेलं. फक्त शेगडी टाकीच्या वर राहील एवढी काळजी घ्यायची, तेवढ्यासाठी शेगडीखाली विटांचा वेगळा उंचवटा.

हे सगळं ऐकताय त्यातल्या कितीजणींना घरकुल मंजूर झालंय आम्हाला माहीत नाही. पंतप्रधान आवास योजनेत आपल्याकडं सपाटीच्या भागात एक लाख वीस हजार मिळतात, घर किमान पंचवीस चौरस मीटर, आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली असते. घर नवरा-बायकोच्या जोड नावानं किंवा बाईच्या नावानं करता येतं. पाया खणायच्या आधी गवंड्याशी बोला. ओटा झाल्यावर बोलून उपयोग नाही, तोडायचा खर्च बांधायच्या खर्चाहून जास्त येतो.

माप घ्यायचं कसं, तेही सांगतो. अनवाणी सरळ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा. कोपराच्या चार-पाच बोटं खाली भाजी चिरायचा, चहा करायचा ओटा. भाकरी थापायला जोर खांद्यातून येतो, म्हणून ती जागा त्याहून वीतभर खाली. एकाच घरात दोन उंच्या चालतात. कडाप्पाच्या दोन तुकड्यांना काही फार जास्त पैसे पडत नाहीत.

गवंडी आधी कुरकुरला. "वैनी, सगळीकडं एकच माप असतंय." मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली. आमची मैत्रीण भिंतीला पाठ लावून उभी राहिली, त्यानं कोपराखाली रेघ मारली. तेवढ्यात पडवीतून सासूबाई उठून आल्या. काही मोडू नका म्हणणाऱ्या त्याच. चपला काढल्या, पदर खोचला आणि भिंतीशी उभ्या राहून गवंड्याला म्हणाल्या, "दुपारचा चहा मीच करते. माझीबी एक रेघ मार."